परदेशात लॅपटॉपला प्रीपेड इंटरनेट: सिम घेण्याआधीपासून परतीपर्यंत

परदेशात फोनसाठी डेटा मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. विमानतळावर सिमवाले समोरच असतात आणि ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम, तर निघण्याआधी घरूनच घेता येतं. गाडी अडते ती लॅपटॉप जोडल्यावर. फोनला आठवडाभर पुरणारा डेटा लॅपटॉप एका दुपारीत फस्त करतो, कारण आपण कुणाच्या तरी मोजक्या डेटावर आहोत हे त्याला कळतच नाही. शिवाय फोनसाठी विकलेल्या कित्येक प्लॅनमध्ये हॉटस्पॉट, म्हणजे फोनचं इंटरनेट दुसऱ्या यंत्राला देणं, चालत नाही, किंवा चालला तरी त्याला वेगळी, कमी मर्यादा असते. म्हणून कुठल्या कंपनीचं सिम घ्यायचं हा प्रश्न जरा मागे ठेवा. डेटा लॅपटॉपपर्यंत कुठल्या वाटेने न्यायचा आणि तो लागणार किती, हे आधी ठरवा.

वाट कोणती घ्यायची?

बहुतेकांसाठी उत्तर फोनचा हॉटस्पॉट हेच आहे. वेगळं यंत्र बाळगावं लागत नाही, आजचे फोन जगातल्या बहुतेक फ्रिक्वेन्सी पकडतात आणि काही अडलं तर ते फोनच्या पडद्यावर दिसतं. तोटा एकच, पण मोठा: बॅटरी. तासन्‌तास हॉटस्पॉट चालू ठेवला की फोन तापतो आणि दुपारपर्यंत मान टाकतो. त्यावर उपाय म्हणजे वायफायऐवजी केबलने यूएसबी टेदरिंग. इंटरनेट मिळतं, फोन चार्जही होत राहतो आणि शंभर वायफायच्या गर्दीत कनेक्शन तुटत नाही. अँड्रॉइड फोन विंडोजला लावला की हे सहसा लगेच चालतं. आयफोन विंडोजला लावणार असाल तर ॲपलचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आधी घालून ठेवावं लागतं. अँड्रॉइड आणि मॅक ही जोडी मात्र लहरी आहे. बरेच फोन केबलने मॅकला जोडले तरी इंटरनेट देत नाहीत, तेव्हा निघण्याआधी एकदा करून पाहा. सिम किंवा ई-सिम घेणारा टॅबलेट असेल तर त्याचाही हॉटस्पॉट होतो. त्याची बॅटरी मोठी असते, त्यामुळे पर्याय वाईट नाही.

दुसरी वाट म्हणजे पॉकेट राउटर, सिम घालून वायफाय देणारं छोटं यंत्र, ज्याला सगळे मायफाय म्हणतात. महिनाभर राहून काम करणार असाल, दोघंतिघं मिळून जाणार असाल किंवा फोनमध्ये दुसऱ्या सिमला जागा नसेल, तर हा घ्यावा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेलांना सिमचा कप्पाच नाही. असा फोन असेल आणि दुकानातून प्लास्टिकचं सिम मिळालं, तर ते मायफायमध्येच घालावं लागणार. फक्त जुना मायफाय कपाटातून काढून नेऊ नका. बऱ्याच जुन्या यंत्रांना नॅनो सिम बसत नाही आणि अडॅप्टर लावून घातलेलं नॅनो सिम आत अडकून बसतं. शिवाय जुनं यंत्र फक्त ३जीवर चालणारं असेल तर ते अनेक देशांत निकामी आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्येच आपली ३जी नेटवर्कं बंद केली.

यूएसबी डोंगल, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीला लावायचं सिमचं यंत्र, याबद्दल फार बोलण्यासारखं उरलेलं नाही. जुना, चालणारा ४जी डोंगल असेल तर न्या. नवा विकत घेण्यात आता अर्थ नाही.

चौथी वाट सर्वात सुटसुटीत, पण मोजक्यांच्याच नशिबात: लॅपटॉपमध्येच मोडेम, म्हणजे सिमवरून इंटरनेट घेणारा भाग, असणं. व्यवसायासाठी बनवलेल्या काही विंडोज लॅपटॉपमध्ये तो असतो, मॅकबुकमध्ये नसतो. इथे एक फसगत होते. लॅपटॉपला सिमची खाच दिसते, पण आत मोडेमचं कार्ड बसवलेलंच नसतं, कारण कंपनी तीच बॉडी स्वस्त मॉडेललाही वापरते. खरं-खोटं पाहायला विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा. तिथे 'सेल्युलर' ही ओळ असेल तर मोडेम आहे, आणि त्यात ई-सिमचा पर्याय दिसला तर सिम घालायचीही गरज नाही.

लागणार किती?

ईमेल, कागदपत्रं आणि साधं ब्राउझिंग यांना डेटा फार लागत नाही. खातो तो व्हिडिओ. नेटफ्लिक्ससारखी सेवा साध्या दर्जाला तासाला साधारण १ जीबी घेते, एचडीला ३ जीबी. झूमवरची गटाची व्हिडिओ बैठक चित्राच्या दर्जाप्रमाणे तासाला पाऊण ते सव्वादोन जीबीच्या घरात जाते. कॅमेरे बंद ठेवून नुसत्या आवाजावर तीच बैठक शंभर एमबीच्या आत होते. म्हणजे रोज दोन तासांची बैठक असेल तर कॅमेरा चालू की बंद, या एका निर्णयाने महिन्याचा हिशेब कित्येक जीबींनी बदलतो.

अंदाज बांधायला स्वतःच्या लॅपटॉपलाच विचारावं. विंडोजमध्ये 'डेटा यूसेज' या पानावर गेल्या तीस दिवसांत कुठल्या ॲपने किती खाल्लं ते दिसतं. घरच्या वायफायवरचा हा आकडा पाहून घाबरू नका, त्यातला मोठा भाग अपडेट आणि फोटो-फाइलींच्या सिंकचा असतो. तो वगळून उरेल ती खरी गरज, आणि तिच्यावर पाव हिस्सा जास्त धरा.

स्थानिक सिम, प्रवासी ई-सिम की रोमिंग?

एकाच देशात दोन आठवड्यांहून जास्त राहणार आणि लॅपटॉपवर काम करणार, तर स्थानिक कंपनीचं प्रीपेड सिम. दर जीबीमागे ते जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं आणि वेगही पुरा मिळतो. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. बऱ्याच देशांत पासपोर्ट दाखवून नोंदणी केल्याशिवाय सिम सुरू होत नाही. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवणं सक्तीचं आहे, तर ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही.

चार देश आठ दिवसांत पालथे घालायचे असतील तर एरालो, होलाफ्लाय, युबिगी अशा कंपन्यांची प्रवासी ई-सिमं सोयीची. ही बहुधा तिसऱ्याच देशातल्या कंपनीच्या नेटवर्कवरून रोमिंग करतात. त्याचे दोन परिणाम होतात. एक, तुमचा डेटा आधी त्या तिसऱ्या देशात जाऊन मग इंटरनेटवर पोहोचू शकतो, त्यामुळे बैठकीत आवाज किंचित उशिरा पोहोचतो. दोन, वेबसाइटना तुम्ही भलत्याच देशात आहात असं वाटतं. बँकेची साइट अचानक जास्तीची पडताळणी मागू लागली तर कारण बहुधा हेच असतं. चीनमध्ये मात्र हीच अडचण सोय ठरते: परदेशी सिमचा डेटा रोमिंगने बाहेर जातो, म्हणून स्थानिक सिमवर बंद असलेल्या गूगलसारख्या सेवा त्यावर सहसा चालतात.

युरोपात एक गोष्ट पथ्यावर पडते. युरोपीय संघात जून २०१७ पासून रोमिंगचा जादा आकार नाही, आणि हा नियम २०३२ पर्यंत वाढवलेला आहे. म्हणजे स्पेनमध्ये घेतलेलं सिम इटलीत आणि पोलंडमध्ये चालतं. नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइनही यात येतात. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन येत नाहीत, आणि नेमकी इथेच ठेच लागते: फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये शिरलेली रेल्वे सीमा ओलांडताना काही विचारत नाही, पण तुमचा डेटा दुसऱ्याच दराने कापला जाऊ लागतो. शिवाय प्रीपेड सिमवर 'देशात इतके जीबी, त्यापैकी रोमिंगला इतके' अशी अट कंपनी घालू शकते. पाकिटावरचा मोठा आकडा सगळीकडे लागू आहे असं गृहीत धरू नका.

आपल्या नेहमीच्या सिमचं रोमिंग दोन-तीन दिवसांच्या दौऱ्याला ठीक आहे. त्याचा डेटा लॅपटॉपला देऊ नका, एवढंच सांगतो.

प्लॅन वाचताना

विकणाऱ्याला किंवा कंपनीच्या पानाला तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. हॉटस्पॉट चालतो का, आणि चालत असेल तर त्याला वेगळी मर्यादा आहे का? डेटा संपल्यावर बंद होतो की वेग उतरतो, आणि उतरतो तर कितीवर? मुदत कधीपासून मोजणार: विकत घेतल्यापासून, ई-सिम फोनमध्ये घातल्यापासून की तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून?

'अनलिमिटेड' या शब्दावर विसंबून लॅपटॉपचं काम ठरवू नये. रोजची ठरावीक मर्यादा ओलांडली की वेग १२८ केबीपीएसवर आणणारे प्लॅन भरपूर आहेत. हिशेब करा: १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६ केबी, म्हणजे तासाला जेमतेम ५७ एमबी. त्यावर व्हॉट्सॲपचे संदेश जातील, पण वीस एमबीची एक फाइल पाठवायला वीस मिनिटं बसावं लागेल. माझ्या मते लॅपटॉपसाठी 'अनलिमिटेड'पेक्षा स्वच्छ '२० जीबी, पूर्ण वेग, हॉटस्पॉटसह' असं लिहिलेला प्लॅन केव्हाही बरा.

आणि फोनऐवजी लॅपटॉप डेटा वापरतोय हे कंपनीला कळतं कसं? एक खूण अशी की डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो एकाने घटतो. अँड्रॉइड, आयफोन आणि मॅक ६४ पासून सुरुवात करतात, विंडोज १२८ पासून. फोनच्या मागून आलेलं पॅकेट ६३ किंवा १२७ हा आकडा घेऊन नेटवर्कवर पोहोचतं. हॉटस्पॉटला मनाई असलेला प्लॅन 'चालून जाईल' म्हणून घेऊ नये, तो यामुळे.

निघण्याआधी घरी

फोन कुठल्या एका कंपनीला लॉक नाही ना, ते पाहा. आयफोनमध्ये 'जनरल', 'अबाउट' इथे 'कॅरियर लॉक'पुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असायला हवं. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहणं ही सर्वात सोपी परीक्षा. मग डायलरवर *#०६# दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला तर फोन ई-सिम घेतो.

ई-सिम घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा, कारण ते उतरवायला इंटरनेट लागतं. विमानतळाच्या कुरकुरणाऱ्या वायफायवर हा उद्योग नको. क्यूआर कोड फोनवरच आला असेल तर लॅपटॉपच्या पडद्यावर उघडून फोनने स्कॅन करा. आणि एकदा उतरवलेलं ई-सिम आवराआवर म्हणून डिलीट करू नका. बहुतेक कोड एकदाच चालतात.

नेहमीचं सिम फोनमध्ये राहू द्या, त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार आहेत, आणि परदेशात एसएमएस येण्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग आधी सुरू करून घ्यावं लागतं का, ते आपल्या कंपनीकडे विचारून घ्या.

लॅपटॉपला आवर घालणं

हा भाग लोक सोडून देतात आणि मग सिमवाल्याला दोष देतात. खरं तर डेटा वाचतो तो इथेच.

विंडोजमध्ये हॉटस्पॉटला जोडल्याबरोबर त्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे इथला डेटा मोजका आहे ही खूण, सुरू करा. मग विंडोजची बहुतेक अपडेट थांबतात, स्टोअरची ॲप गप्प बसतात आणि वनड्राइव्हचं सिंकही थबकतं. पण ही खूण त्या एका नेटवर्कपुरतीच लागू असते. आज वायफायने हॉटस्पॉट घेतला आणि तो मीटर्ड केला, उद्या तोच फोन केबलने जोडला, तर विंडोजच्या लेखी ते निराळं कनेक्शन. केबलचं टेदरिंग त्याला 'इथरनेट' म्हणून दिसतं, आणि इथरनेट म्हणजे भरपूर डेटा असा त्याचा समज. दोन्हींना वेगवेगळं मीटर्ड करावं लागतं. हॉटस्पॉटचं नाव बदललं तरी पुन्हा तेच. 'डेटा यूसेज'मध्ये मर्यादेचा आकडाही भरून ठेवा, म्हणजे जवळ आलं की सूचना मिळते.

मॅकमध्ये व्हेंच्युरा किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर वायफायच्या यादीत त्या नेटवर्कच्या 'डीटेल्स'मध्ये 'लो डेटा मोड' आहे. त्यासोबत 'सॉफ्टवेअर अपडेट'मधलं आपोआप डाउनलोड बंद करा, कारण मॅकचं एक मोठं अपडेट कित्येक जीबींचं असतं. फोटो ॲपमधलं आयक्लाउड सिंकही थांबवा. लिनक्सवाल्यांना नेटवर्क मॅनेजरमध्ये तशीच मीटर्डची खूण मिळते.

हे करूनही काही ॲप कुणाचंच ऐकत नाहीत. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, स्टीमसारखे खेळांचे लाँचर यांना हातानेच थांबवावं लागतं. कामाला लागणाऱ्या फाइली घरीच ऑफलाइन घेऊन ठेवा आणि परदेशात हॉटेलचं वायफाय धड असेल तेव्हा रात्री सिंक उघडा. व्हिडिओचा दर्जा ४८०पी वर आणून ठेवला की ब्राउझरचं खाणंही आटोक्यात येतं.

पोहोचल्यावर

१. फोनला सिमचा कप्पा असेल तर सिम दुकानातच फोनमध्ये घालून सुरू करून घ्या, मायफायमध्ये न्यायचं असलं तरी. नोंदणीचा एसएमएस, पहिला रिचार्ज, शिल्लक पाहण्याचा कोड ही कामं फोनवर सोपी जातात.

२. युरोपातल्या बऱ्याच सिमांना पिन लावलेला असतो. तीन वेळा चुकला की सिम अडतं आणि पुक कोड मागतं. पुक दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. हे दोन्ही आकडे प्लास्टिकच्या मोठ्या चौकटीवर छापलेले असतात. चौकट फेकू नका, फोटो काढून ठेवा. मायफायमध्ये घालायच्या सिमचा पिन फोनमधूनच बंद करून टाका.

३. प्रवासी ई-सिम असेल तर त्याचं डेटा रोमिंग चालू करा. नेहमीच्या सिमचं बंद आणि याचं चालू, यात गोंधळ होतो म्हणून दोन्हींना सेटिंग्जमध्ये नावं देऊन ठेवा.

४. दुकान सोडण्याआधी लॅपटॉप उघडा, हॉटस्पॉटला जोडा आणि एक पान उघडून पाहा. फोनवर नेट चाललं म्हणजे लॅपटॉपवर चालेलच असं नाही, आणि हे कळायची योग्य जागा म्हणजे सिमवाल्याचा काउंटर.

अडलं तर

फोनवर इंटरनेट आहे, लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेला दिसतो, पण पान उघडत नाही. ही नेहमीची तक्रार, आणि तिचं मूळ बहुधा एपीएनमध्ये असतं. एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटवर्कातून इंटरनेटकडे जाणाऱ्या दरवाजाचं नाव. फोनसाठीचा दरवाजा आपोआप भरला जातो, हॉटस्पॉटचा राहून जातो. आयफोनवर 'सेल्युलर डेटा नेटवर्क' पानाच्या तळाशी 'पर्सनल हॉटस्पॉट' नावाचा स्वतंत्र रकाना आहे, त्यात वरच्या रकान्यातलंच नाव भरा. अँड्रॉइडवर एपीएन उघडून 'एपीएन टाइप'मध्ये आधीच्या शब्दांपुढे स्वल्पविराम देऊन डी-यू-एन ही तीन इंग्रजी अक्षरं लिहा, जतन करा, फोन एकदा विमान मोडमध्ये टाकून बाहेर काढा. आयफोनवर 'पर्सनल हॉटस्पॉट'चा पर्यायच गायब असेल तरी आधी हाच रकाना तपासावा. तरीही चालत नसेल तर प्लॅनमध्येच हॉटस्पॉट नाही.

लॅपटॉपला हॉटस्पॉटचं नावच दिसत नसेल तर प्रश्न वायफायच्या बँडचा. जुन्या लॅपटॉपना फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ कळतं. आयफोन १२ पासून पुढे 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू केलं की हॉटस्पॉट त्या बँडवर येतो. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्येच बँड निवडता येतो. आयफोन जोडताना त्याचं हॉटस्पॉटचं पान उघडंच ठेवा, कारण पडदा बंद झाला की तो बऱ्याचदा दिसेनासा होतो.

मायफायची सगळी सूत्रं त्याच्या वेबपानावर असतात. ह्युआवेच्या बहुतेक मायफायांवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता टाकला की ते उघडतं. पासवर्ड यंत्राच्या मागे किंवा बॅटरीखाली चिकटवलेला असतो. सिमवर आलेले एसएमएस तिथेच वाचायचे. कंपनीच्या ॲपने लॉगिनचा कोड मायफायमधल्या नंबरवर पाठवला आणि तो कुठे गेला म्हणून शोधत बसायची वेळ येते, तेव्हा हे पान आठवा. पहिल्याच दिवशी तिथला पासवर्डही बदलून टाका.

वेग मंद आहे आणि सिग्नल भरलेला, तर फोन ५जीवरून ४जीवर आणून पाहा, किंवा प्रवासी ई-सिम असेल तर नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी हाताने दुसरी कंपनी निवडा. फोन खिडकीत नेऊन ठेवण्यानेही फरक पडतो, म्हणून सोबत लांब यूएसबी केबल असू द्या.

रिचार्ज

परदेशी कार्ड स्थानिक कंपनीच्या ॲपवर अनेकदा चालत नाही. पत्त्याचा रकाना तिथलाच पिनकोड मागतो, किंवा व्यवहारच नाकारला जातो. म्हणून पहिल्याच खरेदीत लागेल त्याहून थोडा मोठा पॅक घ्यावा, नाहीतर रिचार्जची व्हाउचरं दुकानात रोख मिळतात का ते विचारून ठेवावं. आणखी एक सापळा: पॅक संपल्यावर खात्यात शिल्लक असेल तर काही कंपन्या पॅकबाहेरच्या महाग दराने तीच कापत राहतात. नवा पॅक सुरू झाल्याचा संदेश आल्याशिवाय लॅपटॉप जोडू नका.

परतताना

मायफाय आणि पॉवर बँक केबिन बॅगेत ठेवा. लिथियम बॅटरीच्या सुट्या पॉवर बँका चेक-इन सामानात चालत नाहीत. ई-सिम परतल्यावर काढून टाकायला हरकत नाही, पण त्याच देशात पुन्हा जायचं असेल आणि विकणाऱ्याने त्यावर नवा पॅक टाकायची सोय दिली असेल, तर ते नुसतं बंद करून ठेवा. घरच्या वायफायला चुकून मीटर्डची खूण लागलेली नाही ना हे पाहा, थांबवलेलं सिंक आणि मॅकचं आपोआप डाउनलोड पुन्हा सुरू करा, आणि पहिल्या रात्री लॅपटॉप चार्जरला लावून अपडेटसाठी मोकळा सोडा. सुरक्षेची अपडेट इतके दिवस तुंबलेली असतात, त्यामुळे तो दोन-तीनदा रीस्टार्ट मागेल.